जुन्या रेल्वेडब्याचा रंग मॉडेलवर जुळवताना: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

रंगाची बाटली सगळ्यात आधी विकत घेतली जाते आणि उजेडाचा विचार सगळ्यात शेवटी होतो. जुन्या डब्यांचे रंग मॉडेलवर फसतात ते बहुतेक वेळा या उलट्या क्रमामुळे. नाशिकमध्ये आणि आसपास रेल्वे मॉडेल करणाऱ्यांकडून एकच प्रश्न सारखा येतो: "लाल डब्याचा शेड नंबर काय?" नंबर मिळतो, रंग येतो, फवारला जातो, आणि डबा ट्रॅकवर ठेवल्यावर काळपट तरी दिसतो किंवा खेळण्यातला तरी. मग दुसरी बाटली येते. दोष बाटलीचा नसतो.

उदाहरणासाठी या लेखात एकच डबा धरला आहे: १९८०च्या दशकात नाशिकरोडला थांबणाऱ्या गाडीचा विटकरी लाल आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या रचनेचा) डबा, १:८७ प्रमाणात. इंजिन, मालडबा किंवा निळा डबा करणाऱ्यांनाही हाच क्रम चालतो. वेगळं काही लागतं तिथे तसं लिहिलं आहे.

## टप्पा १: रंग नव्हे, आधी तारीख ठरवा

"जुना लाल डबा" म्हणजे एक रंग नाही. कारखान्यातून परवा बाहेर पडलेला, एक पावसाळा काढलेला आणि दुरुस्तीला जायला टेकलेला, असे तीन डबे एकाच रेकमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांच्या संचात, शेजारी उभे असायचे आणि तिघांचे तीन रंग दिसायचे. म्हणून वहीत पहिलं वाक्य हे लिहा: कोणत्या वर्षीचा, कोणत्या ऋतूतला, रंगवून किती दिवस झालेला डबा. हे वाक्य लिहिता येत नसेल तर रंग निवडायची वेळ अजून आलेली नाही.

फोटोवरून हे ठरवायला डबा स्वतःच मदत करतो. पाच आकडी डबा क्रमांकातले पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष सांगतात. ८३ने सुरू होणारा डबा १९८३चा. त्याहून उपयोगी खूण डब्याच्या टोकाकडच्या भिंतीवर असते: मोठ्या दुरुस्तीची, म्हणजे पीओएचची, तारीख आणि ती करणाऱ्या कारखान्याची खूण. मध्य रेल्वेच्या डब्यांसाठी हे काम माटुंग्याच्या कारखान्यात होत आलं आहे. टोकाची भिंत दिसेल असा एखादा फोटो मिळाला आणि त्याला फोटो काढल्याची तारीखही असली, तर रंगाचं वय जवळपास कळतं.

रंग कधी बदलला याचंही भान ठेवा. व्हॅक्यूम ब्रेकचे डबे लाल होते. एअर ब्रेकच्या डब्यांबरोबर निळे रंग आले आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून निळ्या गाड्या सर्रास दिसू लागल्या: फिकट निळ्यावर खिडक्यांच्या पातळीला गडद निळा पट्टा. १९८५च्या पंचवटी एक्सप्रेसला निळे डबे जोडलेले दिसले की बाकी कितीही बारीक काम केलेलं असो, सगळं वाया जातं.

तपासा: वर्ष, ऋतू, रंगाचं वय. तिन्ही लिहिलं का?

## टप्पा २: पुरावा गोळा करा आणि त्याची पायरी लावा

सगळा पुरावा सारख्या किमतीचा नसतो. माझी उतरंड अशी: खरा रंगाचा तुकडा, मग मानक शेडकार्ड, मग रंगीत फोटो, मग वर्णन, आणि शेवटी संग्रहालयातली वस्तू. संग्रहालय शेवटी का, हे बऱ्याच जणांना पटत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातली किंवा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रातली घाटाची जुनी विजेची इंजिनं जरूर बघा. रिव्हेट, जाळ्या, हँडरेल यांच्यासाठी त्यांच्याइतका चांगला पुरावा नाही. पण जतन केलेली वस्तू टिकावी म्हणून पुन्हा पुन्हा रंगवली जाते, आणि आजचा थर आजच्या रंगाच्या डब्यातला असतो. मापं तिथून घ्या, रंग घेऊ नका.

### रंगाचा तुकडा

लिलावातून रीतसर विकलेल्या भंगारात जुन्या डब्याची पट्टी, खिडकीची चौकट, दाराचा तुकडा कधी कधी हाती लागतो. त्यावर वरून दिसणारा रंग खरा नसतो. तो उन्हानं पांढुरका झालेला असतो. एका जागी पाणी लावून ६०० नंबरच्या वॉटर पेपरनं गोल घासा, मग १२००, मग २०००. कडेला उतार राहील असा उथळ खळगा तयार झाला की एकाबाहेर एक थर कड्यांसारखे उघडे पडतात: मधोमध धातू, त्याबाहेर प्रायमर, मग जुने लाल हात, सगळ्यात बाहेर शेवटचा. कोणतं कडं आपल्या वर्षाचं, हे थर मोजून ठरतं. घासलेली जागा कोरडी मॅट दिसते. तिच्यावर पाण्याचा थेंब किंवा क्लिअर वार्निशचा पातळ हात दिल्यावर रंगाची मूळ खोली कळते.

जुना तेली रंग वर्षानुवर्षं अंधारात, दुसऱ्या थराखाली राहिला असेल तर त्यातलं जवसाचं तेल पिवळं पडलेलं असतं. उघडा केलेला खळगा काही दिवस खिडकीत दिवसाच्या उजेडात ठेवला की हा पिवळेपणा बराचसा उतरतो. लाल रंगावर फरक थोडा दिसतो. क्रीम किंवा फिकट निळ्यावर मात्र याच एका कारणानं सगळी जुळवणी चुकू शकते.

सावध: जुन्या रंगात शिसं असतं. कोरडं घासू नका, मास्क लावा, घासलेला गाळ कागदात पुसून बंद पिशवीत टाका, आणि हे काम स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या जवळपास करू नका.

सावध: यार्डात शिरून उभ्या डब्याची खपली काढायची नाही. विनापरवाना प्रवेश रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे आणि रेल्वेची वस्तू विनाहक्क जवळ बाळगण्यासाठी १९६६चा स्वतंत्र कायदा आहे.

### शेडकार्ड

आपल्याकडे रंगांचं भारतीय मानक म्हणजे आयएस ५. यातले बरेच क्रमांक ब्रिटिश मानक बीएस ३८१सी मधल्यासारखेच आहेत: सिग्नल रेड ५३७, गोल्डन यलो ३५६, ऑक्सफर्ड ब्लू १०५. आयात केलेल्या काही मॉडेल रंगांच्या बाटल्यांवर बीएस क्रमांक असतो, त्यामुळे ही माहिती दुकानात कामाला येते. सगळेच क्रमांक मात्र जुळत नाहीत. आपल्याकडचा फिरोजी १७६ त्या ब्रिटिश कार्डात शोधू नका.

क्रमांक काय सांगतो हे नीट समजून घ्या. तो ताज्या, पूर्ण झाकलेल्या, चकचकीत रंगाबद्दल बोलतो. डब्याच्या आयुष्यातल्या पहिल्या आठवड्याचा तो रंग. आपल्या जुळवणीची सुरुवात तिथून करायची, शेवट तिथे नसतो. आणि दुकानाच्या काउंटरवर वर्षभर उन्हात पडलेलं कार्ड पुरावा म्हणून चालत नाही. स्वतःचं कार्ड घ्या आणि पाकिटात, कपाटात ठेवा. रविवार कारंजावर किंवा मेन रोडला "दादा, मरून द्या" म्हटलं की कंपनीगणिक वेगळा मरून मिळतो. नाव सांगून रंग घेऊ नका, कार्डाचा तुकडा सोबत न्या.

### फोटो

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मोबाइलवर जुना फोटो उघडायचा, डब्यावर बोट ठेवून रंगाचे आकडे काढायचे आणि तसा रंग बनवायचा, हा प्रकार थांबवा. एकाच डब्याच्या उन्हातल्या भागाचे आकडे वेगळे, छपराच्या सावलीतले वेगळे. शिवाय १९७०-८०च्या रंगीत प्रिंटमधला निळसर हिरवा रंगद्रव्याचा थर बहुतेक वेळा आधी उडतो आणि अख्खं चित्र लालसर होतं. त्या फोटोतला विटकरी डबा खऱ्यापेक्षा तांबडा दिसतो. अंधारात नीट ठेवलेल्या कोडाक्रोम स्लाइड पुष्कळ टिकतात, त्यांना जास्त वजन द्या. पण स्कॅनरनं आपली मर्जी चालवली आहे का, हे तिथेही पाहावं लागतं.

त्यासाठी फोटोत तटस्थ वस्तू शोधा. फलाटावरच्या माणसाचं धोतर, टोपी, चुना लावलेली फलाटाची कड. ती पांढरी-करडी दिसेपर्यंत फोटोचा तोल सुधारा, मगच डब्याकडे बघा. यात एक खोच आहे. नीळ घातलेलं धोतर मुळातच निळसर असतं. त्याला शुद्ध पांढरं मानून तोल लावलात तर सगळा फोटो पिवळट होईल. म्हणून एकाच वस्तूवर विसंबू नका, दोन-तीन वस्तू घ्या.

एवढं करूनही फोटोवरून रंग उचलायचा नाही, नातं उचलायचं. डबा शेजारच्या मालडब्यापेक्षा गडद आहे की फिका? स्टेशनच्या पिवळ्या फलकाशेजारी तो तपकिरीकडे झुकतो की लालकडे? खिडकीखालचा पत्रा आणि खिडकीवरचा पत्रा यांत फरक किती? ही नाती फोटो बऱ्यापैकी प्रामाणिकपणे सांगतो आणि मॉडेलवर नेमकी तीच डोळ्याला जाणवतात.

कृष्णधवल फोटोबद्दल थोडं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म बरीच वापरात होती. तिला लाल दिसत नाही. लाल रंग जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिका. अशा फोटोत "काळा" डबा बघून काळा रंगवू नका, आणि फिका दिसला म्हणून क्रीमही समजू नका. फिल्म कोणती हे ओळखायला आकाश बघा: कोरं पांढरं आकाश आणि काळेठिक्कर ओठ असतील तर शंका घ्या.

## टप्पा ३: मिसळण्याआधी उजेड पक्का करा

मॉडेल ज्या उजेडात कायम राहणार, तो उजेड रंग मिसळायच्या आधी बसवा. नंतर बल्ब बदललात तर जुळवणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.

दोन रंग एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात वेगळे दिसतात, याला मेटामेरिझम म्हणतात. कारण साधं आहे: दोन्ही रंगांतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रत्येक दिव्याच्या उजेडात रंगांचं प्रमाण वेगळं असतं. खिडकीत जुळलेला लाल एलईडीखाली तपकिरी पडतो तो यामुळे.

दिवा घेताना खोक्यावरचा सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा आकडा, बघा, ९० किंवा जास्त हवा. पण तेवढ्यावर थांबू नका. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, त्यात गडद लाल धरलेलाच नसतो. गडद लालसाठी आर९ असा वेगळा आकडा असतो. सीआरआय ८०च्या साध्या घरगुती एलईडीत तो शून्याच्या आसपासही असू शकतो. लाल डब्यांची गाडी करणाऱ्यानं आर९ न बघता दिवा घेणं म्हणजे पुढच्या सगळ्या कष्टांवर पाणी. रंगतापमान ५००० ते ६५०० केल्विनच्या दरम्यान ठेवा आणि लेआउटवर (मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर), तसंच कामाच्या टेबलावर, एकाच प्रकारचे दिवे लावा.

दिवसाच्या उजेडात बघायचं तर उत्तरेची खिडकी किंवा गॅलरी, सकाळी दहा ते दुपारी तीन. समोरच्या इमारतीची भिंत केशरी किंवा हिरवी असेल तर तिचा रंग थेट तुमच्या रंगाच्या नमुना-पट्टीवर पडतो. अशा वेळी खिडकीत पांढरा कागद धरा आणि तो कुठल्या रंगाकडे झुकतोय ते आधी बघा. कामाच्या वेळी अंगात भडक शर्टही नको.

तपासा: लेआउटचा दिवा आणि टेबलाचा दिवा एकच आहे का? पांढरा कागद दोन्हीकडे सारखा दिसतो का?

## टप्पा ४: खालचा हात ठरवा

लाल आणि पिवळे रंग खालचा थर पूर्ण झाकत नाहीत. तोच लाल करड्या प्रायमरवर मंद दिसतो, पांढऱ्यावर भडक, रेड ऑक्साइड प्रायमरवर ऊबदार आणि भरीव. विटकरी डब्यासाठी मी रेड ऑक्साइड प्रायमरच वापरतो. दोन हातांत रंग भरतो, त्यामुळे खिडक्यांच्या कडा आणि पत्र्याच्या रेघा बुजत नाहीत. निळ्यासाठी फिका करडा, क्रीम आणि पिवळ्यासाठी पांढरा.

रंगाची पट्टी तपासायची ती याच प्रायमरवर, त्याच प्लॅस्टिकवर किंवा पितळेवर. पांढऱ्या कागदावर जुळवलेला लाल डब्यावर जुळत नाही याचं अर्धं कारण हेच असतं. आइस्क्रीमच्या डब्यांची झाकणं कापून, पाण्या-साबणानं धुऊन, मॉडेलच्या डब्याबरोबरच प्रायमर मारून ठेवा. पाच-सहा पट्ट्या एकदम तयार राहतात.

## टप्पा ५: थेंबानं नको, वजनानं मिसळा

लागणारं सामान: ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, झाकणाच्या लहान बाटल्या, ड्रॉपर, काचेची कांडी, वही. थेंब मोजून केलेलं मिश्रण पुन्हा जमत नाही, कारण थेंबाचं आकारमान रंगाच्या दाटपणावर बदलतं. सहा डब्यांच्या रेकसाठी चौथ्या डब्याला रंग संपला की हे कळतं.

बाटली आधी तळापासून ढवळा. वर साय धरली असेल तर ती बाजूला काढा, आत मोडू नका. गाळून घ्या.

मूळ रंग शक्यतो त्याच रंगद्रव्याचा निवडा जे खऱ्या डब्यावर होतं. विटकरी लालसाठी लोह-ऑक्साइड, म्हणजे ट्यूबवर पीआर १०१ लिहिलेलं. तेजस्वी आधुनिक लालमध्ये काळा आणि तपकिरी घालून विटकरी करता येतो आणि एका दिव्याखाली तो बेमालूम जुळतोही, पण दिवा बदलला की फुटतो. सारखं रंगद्रव्य असेल तर मेटामेरिझमचा त्रास पुष्कळ कमी होतो.

याच कारणानं फार जुन्या निळ्यांशी खबरदारी घ्यावी लागते. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा तिचे दोन रेक होते: एक रुपेरी आणि लाल पट्ट्यांचा, दुसरा रॉयल ब्लू आणि सोनेरी रेघांचा. आज बाजारातले बहुतेक स्वस्त निळे थॅलो निळ्यावर बनतात, ट्यूबवर पीबी १५. ते रंगद्रव्य बाजारात आलं १९३५च्या सुमारास. म्हणजे १९३०च्या डब्यावर ते असणं शक्यच नाही. त्या रेकचं मॉडेल करणाऱ्यानं अल्ट्रामरीन आणि प्रशियन निळ्यापासून सुरुवात करावी. थॅलोतला हिरवट कल नंतर काढून टाकणं फार जिकिरीचं जातं.

आता मिश्रणाचा क्रम:

१. मूळ रंग १० ग्रॅम घ्या.

२. आधी रंगाचा कल दुरुस्त करा: जास्त लाल की जास्त पिवळा? पिवळी माती, म्हणजे यलो ऑकर, ०.१ ग्रॅमच्या टप्प्यानं घाला.

३. मग गडदपणा. काळ्यानं गडद करायची सवय सोडा. काळा पिवळ्याला हिरवट करतो आणि लालला मेलेला. त्यापेक्षा बर्न्ट अंबर घाला.

४. भडकपणा सगळ्यात शेवटी. तो उतरवायला विरुद्ध रंगाचा अगदी टोकभर स्पर्श पुरतो, लालला हिरव्याचा.

५. प्रत्येक भरीनंतर वजन लिहा, पट्टीवर लावा, पट्टीमागे क्रमांक घाला.

एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदललीत तर कशानं काय झालं ते कळायचा मार्ग उरत नाही.

सावध: एनॅमल, अ‍ॅक्रिलिक आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर एकमेकांत मिसळू नका. प्रत्येकाचं थिनर वेगळं. एनॅमलच्या हातावर एनसी फवारलात तर खालचा हात उकलून सुरकुततो.

## टप्पा ६: ओल्यावर निकाल देऊ नका

अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतो. एनॅमलही बदलतो आणि त्याला पूर्ण वाळायला दिवस लागतात, पावसाळ्यात आणखी. पट्टी किमान एक रात्र राहू द्या. घाई असली तरी हेअर ड्रायर अगदी मंद ठेवा.

बघायची पद्धत ठरलेली हवी. करड्या जाड कागदाला शेजारी-शेजारी दोन सारखी भोकं पाडा. एकाखाली नमुना, दुसऱ्याखाली तुमची पट्टी. आजूबाजूचे रंग झाकले गेले की डोळा फसत नाही. पट्टीकडे टक लावून बघू नका. लाल बघून डोळा थकतो आणि पुढच्या क्षणी सगळं हिरवट वाटतं. दोन-तीन सेकंद बघा, नजर करड्या कागदावर फिरवा, पुन्हा बघा. पहिल्या नजरेला जे वाटतं ते बहुधा बरोबर असतं.

मग हेच लेआउटच्या दिव्याखाली, खिडकीत आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली करा. तिन्हीकडे जुळलं तर उत्तम. एकाच ठिकाणी फुटत असेल तर लेआउटच्या दिव्याचा निकाल अंतिम माना.

दुसऱ्या माणसाला दाखवा. लाल-हिरव्यातला फरक कमी दिसणं पुरुषांमध्ये बरंच आढळतं आणि अनेकांना स्वतःला ते माहीतच नसतं. घरातल्या बाईमाणसाला विचारा. "जुळला का?" असं नको, "यातला जास्त पिवळा कोणता?" असं विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं.

## टप्पा ७: मॉडेलसाठी उजळवा, पण मोजून

खऱ्या तुकड्याशी शंभर टक्के जुळलेला रंग मॉडेलवर काळपट दिसतो. भर उन्हात डब्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. खोलीत चांगले दिवे असूनही पाचशेच्या आसपास. कमी उजेडात डोळ्याला रंग गडद आणि निस्तेज वाटतो. दुसरं अंतर. १:८७चं मॉडेल ६० सेंटिमीटरवरून बघता तेव्हा तुम्ही खऱ्या डब्यापासून सुमारे ५२ मीटरवर उभे असता. नाशिकरोडच्या पादचारी पुलावरून पलीकडच्या टोकाच्या मार्गावर उभी गाडी बघा. हातभर अंतरावरचा पत्रा आणि तेवढ्या लांबचा पत्रा यांतला फरक तिथे स्वतःच्या डोळ्यांनी समजून घ्यावा.

किती उजळवायचं याचे ठरीव आकडे लोक देतात. मी ते मानत नाही, कारण प्रत्येकाच्या खोलीचा उजेड वेगळा. शिडी करा: जुळलेल्या रंगाचे चार भाग घ्या आणि त्यांत उजळवणारा रंग ०, ५, १० आणि १५ टक्के वजनानं घाला. चारही पट्ट्या लेआउटवर, फलाटाला लावून, उभ्या ठेवा. आडव्या नको, कारण डब्याची बाजू उभी असते आणि उभ्या पृष्ठभागावर उजेड कमी पडतो. नेहमीच्या अंतरावरून बघून निवडा.

लाल उजळवायला शुद्ध पांढरा घालू नका, गुलाबी होतो. क्रीम किंवा फिका बदामी घाला. निळ्याला फिका करडा चालतो. वाफेच्या इंजिनाला सरळ काळा कधीच लावू नका. गडद करडा, त्यात किंचित तपकिरी, एवढ्यानं सांधे, रिव्हेट आणि सावल्या दिसायला लागतात.

तपासा: निवडलेली पट्टी एक दिवस लेआउटवर राहू द्या. दुसऱ्या दिवशीही तीच निवडाल का?

## टप्पा ८: फवारणी, आणि नाशिकची हवा

एअरब्रशला ०.३ मिमी नोझल, १५ ते २० पीएसआय दाब, रंग दुधाइतका पातळ. दोन-तीन पातळ हात, मध्ये पुरेसा वेळ. रंगसंगतीत फिका आधी, गडद नंतर. निळ्या डब्याला आधी फिकट निळा, तो कडक वाळल्यावर टेप, मग खिडकीचा गडद पट्टा. टेपच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा एक धुरकट हात द्या. जे काही टेपखाली शिरायचं ते त्याच रंगाचं शिरतं आणि रेघ साफ येते.

हवेमुळे रंग बदलतो, म्हणून ती या लेखात आली. जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा खूप असतो. एनसी लॅकरवर पांढरट धुकं धरतं आणि जुळवलेला लाल गुलाबी दिसतो. आर्द्रतामापक ७०च्या वर असेल त्या दिवशी लॅकर नको. एप्रिल-मेच्या दुपारी उलट होतं: रंग हवेतच वाळतो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि खरखरीत पृष्ठभाग फिका दिसतो. पहाटे फवारा किंवा रंग उशिरा वाळवणारं रिटार्डर घाला. थंडीच्या सकाळी रंग दाट होतो. बाटली कोमट पाण्यात ठेवा. स्प्रेचा डबा मात्र कधीही गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात धरू नका.

खिडकी उघडी, पंखा बाहेर फेकणारा, तोंडाला वाफा अडवणारा मास्क.

## टप्पा ९: चमक, अक्षरं, मळ

रंगाचा अंतिम निकाल इथे लागतो, म्हणून जुळवणीच्या पट्टीवरही हेच सगळं करून बघावं. चकचकीत वार्निशनं रंग गडद आणि खोल होतो, मॅटनं फिका. डिकल्ससाठी, म्हणजे चिकटवायच्या छापील अक्षरांसाठी, आधी ग्लॉस हात, मग "मध्य रेल" आणि क्रमांक, मग मॅट किंवा सॅटिन. मॅटमुळे रंग किती उजळतो ते आधी पट्टीवर बघून टप्पा ७ची पायरी त्याप्रमाणे कमी करा. हे विसरलं की रंग दोनदा उजळवला जातो, आणि फिक्या दिसणाऱ्या मॉडेलांपैकी बरीच याच कारणानं फिकी असतात.

मळ सगळीकडे सारखा नसतो. आपल्या भागातल्या गाड्या थळ घाट चढतात-उतरतात आणि तिथला चढ १:३७ आहे. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना ब्रेक सतत लागतात. त्या काळातल्या बिडाच्या ब्रेक ब्लॉकचा भुसा गंजून तपकिरी होतो आणि बोगी (डब्याखालची चाकांची चौकट), पायऱ्या, पत्र्याचा खालचा हातभर भाग यांवर बसतो. वर छपराला धूळ आणि काजळी. आपल्याकडची खडी बेसाल्टची, त्यामुळे तिची धूळ काळपट करडी असते. परदेशी बाटलीतला पिवळसर "धूळ" रंग इथे परका दिसतो. घाटातल्या बोगीसाठी गंजाचा तपकिरी, मनमाडकडच्या मालडब्यासाठी करडी धूळ, अशी विभागणी करा. लासलगाव, निफाडला कांदा भरणाऱ्या मालडब्यांच्या दारांभोवती पत्रा घासलेला असतो. तिथे मळ लावायचा नाही, उलट पुसायचा.

उन्हानं पांढुरका झालेला लाल दाखवायचा तर वरच्या पत्र्यावर मूळ मिश्रणात क्रीम वाढवून अगदी पातळ धूर द्या. खिडक्यांखाली पाण्याचे ओघळ उभेच जातात, ब्रश वरून खालीच ओढा.

## टप्पा १०: नोंद आणि जपलेला नमुना

वहीत प्रत्येक रंगाला एक पान: डब्याचं वर्ष, पुरावा काय होता, प्रायमर, वजनं, थिनरचं प्रमाण, दिवा, वार्निश, तारीख. पानाला शेवटची पट्टी चिकटवा आणि वही अंधारात ठेवा. मिश्रण एका रेकला लागेल त्याच्या दीडपट करा. उरलेला रंग काठोकाठ भरेल अशा लहान बाटलीत ओता, म्हणजे आत हवा कमी राहते आणि साय धरत नाही. झाकणावर पानाचा क्रमांक लिहा.

नंतर एखादा डबा वाढवायचा झाला तर जुन्या डब्याशी रंग डोळ्यानं जुळवत बसू नका. वहीतल्या वजनांनी नवा रंग करा, पट्टी मारा, वाळू द्या, आणि वहीतल्या पट्टीशी करड्या कागदाच्या भोकांतून ताडून बघा. दोन्ही सारखे असतील आणि तरी ट्रॅकवर नवा डबा उठून दिसत असेल, तर बदल जुन्या डब्यात झाला आहे: धूळ, बोटांचा तेलकटपणा, उन्हाची तिरीप. अशा वेळी रंगाला हात लावू नका. जुना डबा मऊ ब्रशनं झाडा, आणि गरज वाटलीच तर नव्या डब्यावर मळाचा आणखी एक पातळ हात द्या.